तोंडापुढं पाय कसा धरावा

करमाडला माझा दवाखाना आहे. राहते संभाजीनगरात, रोज जाऊन-येऊन करते. मी नवी डॉक्टर होते तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत आणि करमाडला मिळेल त्या जीपमध्ये अंग चोरून बसावं लागे. आता माझी स्वतःची गाडी आहे, रस्ता रुंद झालाय, शेंद्र्याच्या कंपन्यांमुळे गावात पैसा आलाय. दवाखान्यातली गर्दी तेवढी गेली. बाकडी रिकामी असतात आणि मी पंखा बघत बसते.

माझ्या कामात फार मोठी विद्या आहे असं नाही. ताप, जुलाब, बीपी, शुगर. पण एक सवय मी कधी सोडली नाही. शुगरचा पेशंट आला की आधी चप्पल काढायला लावायची, त्याचा पाय माझ्या मांडीवर घ्यायचा आणि बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा हातानं चाचपून बघायचं. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव मरते. काटा मोडला, चटका बसला, तरी माणसाला पत्ता नसतो. अशा पेशंटला "पाय दुखतो का?" असं विचारून काही उपयोग नाही. तो म्हणणार, नाही. आणि खरंच दुखत नसतं. विचारायचं ते पायालाच विचारावं लागतं.

जवळच्या एका वाडीवरची मावशी माझी फार जुनी पेशंट. मावशी मी म्हणायचे. नवरा लवकर गेला, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला. पहिल्यांदा मी तिचा पाय मांडीवर घेतला तेव्हा तिनं तो असा आखडून घेतला, की मी खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिले.

"अवं बाई, काय करायलात! तुमच्या अंगाला पाय लागला की माझा!"

"पाय तुमचा, मांडी माझी. तुमचं काय जातंय?" मी खेकसले. खेकसणं हा माझा स्वभावच आहे. वाडीवर मला "भांडकुदळ डाक्टरीण" म्हणतात हे मला माहीत आहे.

दर वेळी हेच नाटक. ती पाय ओढणार, मी खेकसणार, ती तोंडाला पदर लावून हसणार. बघून झालं की माझ्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावायची, "जय भीम बाई" म्हणायची आणि जायची. मुलालाही मीच औषधं दिली, गोवरापासून परीक्षेआधीच्या पोटदुखीपर्यंत. तो आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कंपनीत पर्मनंट झाला तेव्हा मावशीनं मला पेढा भरवला आणि स्वतःही खायला लागली. मी तिच्या हातातून काढून घेतला.

कंपनीनं कामगारांना आणि त्यांच्या आईवडिलांना विमा दिला. विमा फक्त अॅडमिट झाल्यावर, तोही यादीतल्या मोठ्या हॉस्पिटलांत. माझ्यासारख्या दवाखान्यांचं त्यात नावच नाही. मात्र किरकोळ दुखण्यांसाठी सोबत एक अॅप दिलं. मोबाइलवर डॉक्टर दिसतो, बोलतो, औषधं घरपोच येतात. सगळं फुकट.

मुलगा मला चौकात भेटला, तेव्हा त्याचा चेहरा अभिमानानं उजळला होता. "मॅडम, आता आईला उन्हातान्हात यायची गरज नाही. बसल्या जागी डॉक्टर." मी हसले. आईसाठी एवढं करणाऱ्या पोराला काय बोलणार?

त्याच सुमारास अशाच एका अॅपचा माणूस माझ्याकडेही आला होता, मला त्यांच्यात सामील करून घ्यायला. टाय लावलेला, गोड बोलणारा. पेशंट आम्ही देऊ, रेटिंग पेशंट देतील. मी विचारलं, "पोट दाबून कसं बघायचं?"

"पेशंट स्वतःच दाबतील ना मॅडम, तुम्ही फक्त सांगायचं."

हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. पण शेळ्या त्याच्याच बाजूनं गेल्या. शेजारचं औषधांचं दुकान बंद पडलं, माझ्या मदतीला असलेल्या बाई शहरातल्या लॅबमध्ये लागल्या. दवाखान्याची नोंदणी, दवाखान्यातला कचरा उचलणाऱ्यांशी करार, नवनवीन नियम, सगळं मात्र चालूच होतं. माझ्या भाचीनं एमबीबीएस झाल्यावर स्पष्ट सांगितलं, "तुझ्यासारखं दुकान मांडून बसणार नाही मी." तिला मी काय तोंडानं आग्रह करणार?

कित्येक महिन्यांनी, एके दिवशी दुपारी मावशी आली. मुलानं तिला जवळजवळ उचलूनच आत आणलं. सुनेला दोन दिवसांपासून घरात वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून तिनं सगळं घर धुंडाळलं, आणि मग सासूच्या पायाला बांधलेलं फडकं तिच्या लक्षात आलं.

मी फडकं सोडलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. काळेपणा पावलावर चढत होता. मी घोट्यापाशी नाडी शोधली, मग पुन्हा शोधली. लागली नाही.

त्या दिवशी मावशीनं पाय ओढून घेतला नाही. माझ्याकडे बघून हसली. "दुखत नाय बाई. म्हणून म्हटलं, काय इतकं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मी एवढंच विचारलं, "त्या मोबाइलवरच्या डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. चप्पल लागून फोड आलता, तवाच सांगितलं. लई गुणाचं लेकरू हाय ते. म्हणलं, आजी, दाखवा."

"मग?"

मुलगा तिच्याकडे बघायला लागला; त्यालाही हे नवीन होतं.

"फोनात त्याचं तोंड दिसायलं होतं, बाई. डाक्टर माणूस. त्याच्या तोंडापुढं पाय कसा धरावा? म्हणलं, नाय नाय, वाळायलाय, बरं हाय."

तो पोरगा डॉक्टर चुकला का? त्यानं विचारलं होतं. मुलगा चुकला का? त्यानं आईच्या मायेपोटीच केलं. आणि मावशी तर लहानपणापासून जे शिकली तेच वागली. इतकी वर्षं मी तिचा पाय विचारून घेतलाच नव्हता, ओढून घेतला होता. विचारलं असतं तर मलाही ती "बरं हाय"च म्हणाली असती. आयुष्यभर माणसांवर चिडत आले मी, पण त्या दिवशी राग काढायला कोणीही सापडेना. तो तसाच आत राहिला आणि त्याचं रडू झालं.

शहरातल्या हॉस्पिटलात तिचा पाय गुडघ्याखालून कापला. विम्याची मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आली होती. पाय कापायला विमा होता, पाय बघायला नव्हता. हे वाक्य मी त्या कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं बोलले आणि लोक वळून बघायला लागले.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले. मावशी डोळे मिटून पडली होती. एका गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती. मुलगा उशाशी उभा होता, दाढी वाढलेली. मला बघून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. तुमच्याकडंच आणत राहिलो असतो तर पाय वाचला असता का?"

ज्याला मी गोवरात मांडीवर घेतलं होतं तो विचारत होता. मी कोणाची भीड ठेवत नाही, तोंडावर बोलते.

"नाही," मी म्हणाले. "शुगर फार जुनी होती रे. आज ना उद्या हे व्हायचंच होतं."

त्यानं पलंगाच्या दांडीवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला. मग तोंड धुतलं आणि माझ्यासाठी चहा आणायला खाली गेला.

"बाई," मावशीनं डोळे न उघडताच हाक मारली. ती झोपली नव्हती. "वाचला असता ना?"

तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. "व्हय," मी म्हणाले.

तिच्या मिटल्या डोळ्यांतून उशीवर पाणी ओघळलं. मी तिचा हात धरला. तो तिनं घट्ट दाबला.

मुलगा चहाचे कागदी कप घेऊन आत आला. मावशीनं पदरानं डोळे कोरडे केले आणि त्याला म्हणाली, "ऐकलंस ना बाई काय म्हणाल्या? व्हायचंच होतं म्हणं. तुझा काय बी कसूर नाय. आता रडू नको, त्यांना चहा दे."

मी चहा घेतला. सगळा प्यायले.