आवाजावरून निवडलेला नायक

मी मूळचा कॅसेटवाला. काचीगुड्याला स्टेशनजवळ आमची छोटी कंपनी होती. भजनं, लग्नाची गाणी, तेलुगूही आणि मराठीही. नवा गायक आला की मी डोळ्यांवर टॉवेल टाकून ऐकायचो. दिसतो कसा, याच्याशी आम्हाला काय करायचंय? पुढे कॅसेटी बंद पडल्या आणि मी सिनेमा काढायला निघालो. हौ, अक्कल मात्र तीच घेऊन निघालो.

माझा सगळ्यात लाडका गायक चिक्कडपल्लीचा. सरकारी हापिसात कारकून, संध्याकाळी देवळात भजन. वीस वर्षं माझ्याकडे गायला. बायका ऐकून डोळे पुसायच्या, खोटं नाही सांगत. माझ्या सिनेमाचा नायक भजन गाणारा मास्तर होता. मी ठरवलं, हाच. तो हात जोडून म्हणाला, मला गाऊ द्या, उभं दुसऱ्या कुणाला करा. त्याची बायकोही नको म्हणत होती. मी ऐकतो कसला! शूटिंगभर कानाला हेडफोन लावून बसलो. दिग्दर्शक दोनदा म्हणाला, एकदा पडद्याकडे बघा तरी. मी त्यालाच झापलं.

पहिल्या खेळाला दिलसुखनगरच्या थिएटरात आम्ही शेजारी बसलो होतो. सूर वर गेला की त्याचा जबडा वाकडा व्हायचा, डोळे पांढरे व्हायचे. देवळात तो मूर्तीकडे तोंड करून गायचा, त्यामुळे हे कधी कुणाला दिसलंच नव्हतं. इथं ते दहा हात मोठं झालं. लोक हसले, मग आणखी मोठ्यानं हसले. तो हलला नाही. आठवड्यात सिनेमा उतरला, पण ते तोंड मोबाइलवर फिरत राहिलं, त्याच्या हापिसातसुद्धा.

त्यानं देवळात जाणं सोडलं. तीन महिने मी टाळत होतो, शेवटी गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत निघून गेली. मी म्हटलं, सिनेमा गेला खड्ड्यात, आपण पूर्वीसारखं नुसतं रेकॉर्डिंग करू, तिथं कुणी बघत नाही.

"मी बघतो ना, दादा," तो म्हणाला. "तोंड उघडलं की ते पडद्यावरचंच समोर येतं. सूर लागत नाही आता."

मी त्याच्या पायांना हात लावायला वाकलो, तर त्यानं पाय मागे घेतले.

त्यानंतर मी दोन सिनेमे काढले. दोन्ही पडले. त्याचा सूर गेल्यावर त्या पडण्याचं मला काहीच वाटलं नाही.