अनुदान आलं आणि मशीन बसलं

मंडळी, सकाळी मेल आला. नवीन संशोधकांसाठीचं अनुदान मला मिळालं! इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरायचं वर्षभराचं भाडं त्यातून भरलं जाणार. तांबेरा रोग उसाच्या पानात नेमका शिरतो कसा, ते मला त्यात बघायचंय.

पेढे घेऊनच लॅबमध्ये गेले. मशीन चालवणाऱ्या दादांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अभिनंदन, म्याडम! पण मशीन कालच बंद पडलंय की. पार्ट परदेशातनं येणार. कवा, ते आमालाबी म्हाईत न्हाय."

अनुदानवाल्यांना फोन केला. दुरुस्ती त्यात बसत नाही, मुदत वाढत नाही, दुसरीकडचं मशीन चालत नाही. फोनवरच्या बाई इतक्या गोड बोलल्या, की भांडायचं तरी कुणाशी?

घरी आले तर आण्णा, माझे वडील, दारातच उभे. कसबा बावड्याच्या रानातली रोगट पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली.

"एकदम ताजी हाईत बघ. उद्याच लाव की मशीनला!"

मी "व्हय" म्हणाले आणि उरलेले पेढे त्यांच्या हातावर ठेवले.

तुम्ही काय म्हणाला असता?