रणपिसेंचा डावा फूटरेस्ट

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात हडपसरच्या आमच्या सोसायटीत अशी कुजबुज होती की, बी विंगमधले अभय रणपिसे दर रविवारी सकाळी रामटेकडीच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईकडे जातात, दाराशी बूट काढून ठेवतात आणि आत ती बाई त्यांच्या कमरेला धरून उभी असते. कमरेचा भाग माझ्या शेजारच्या रावसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी तो फक्त समोरच्या दुर्गाबाईंना सांगितला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्याने सांगावा लागला, एवढंच.

रणपिसे म्हणजे अगदी सरळ गृहस्थ. आयटी पार्कात टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार. बायको सोनाली पोस्टात. बुद्धजयंतीला घरोघर खीर पाठवायची, सोसायटीच्या मीटिंगला वेळेवर येऊन न बोलता बसायचं, असं ते घर. अशा माणसाबद्दल काही ऐकायला मिळालं तर ते वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

पाच वर्षांपूर्वी सासवड रस्त्यावर एका टेम्पोने त्यांची जुनी मोटरसायकल उडवली होती. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, सहा महिन्यांनी साहेब चालायला लागले. पण गाडीचं वेड काही मोडलं नाही. मग एक दिवस ती उंच, हडकुळी, डांबरावर आणि दगडमातीतही चालणारी गाडी घ्यायचं त्यांच्या मनात आलं. सोनालीबाईंनी एकच अट घातली. ''पाय शंभर टक्के बरा असेल तरच. नसेल तर गाडी दारात नको.''

''शंभर टक्के,'' रणपिसे म्हणाले आणि गाडी आली.

आता पाय बरा होता, पण हाड जुळताना डावा पाय किंचित आखूड झाला होता. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. ऑफिसच्या डाव्या बुटात स्वारगेटच्या एका चांभाराकडून त्यांनी बुचाची चकती बसवून घेतली होती, त्यामुळे चाल सरळ दिसायची. पण ही गाडी चालवायचे बूट वेगळे, जाड आणि घट्ट. त्यात चकती मावत नव्हती. आणि ही गाडी मातीत चालवायची तर बसून चालत नाही, दोन्ही फूटरेस्टवर उभं राहावं लागतं. रणपिसे उभे राहिले की डावीकडे कलायचे. दिवे घाटाच्या पलीकडची मातीची वाट संपेपर्यंत उजवा गुडघा असा ठणकायचा की परत येताना सिग्नलला पाय टेकवतानाही तोंड वाकडं व्हायचं.

मग फूटरेस्ट बदलायची मोहीम सुरू झाली. कंपनीच्या अरुंद फूटरेस्टवरचं रबर काढून पाहिलं, तर पाय घसरायला लागला. मग इंटरनेटवरून रुंद, दातेरी, लोखंडी मागवले. त्यांनी पकड दिली, पण पंधरा दिवसांत बुटाचे तळवे खाल्ले आणि गाडी ढकलताना नडगीही सोलून काढली. ऑफिसातला रोहन म्हणाला, ''सर, फूटपेग्ज लोअर करा, कंट्रोल वाढतो.'' एक इंच खाली बसणारी जोडी आली. ती दोन्हीकडे एकेक इंच खाली गेली आणि कलणं होतं तिथेच राहिलं. जगभर फूटरेस्ट जोडीनेच विकतात. माणसाचे दोन्ही पाय सारखे असतात अशी कारखानदारांची समजूत असावी.

शेवटी कोणीतरी रामटेकडीच्या नंदाबाईंचं नाव सांगितलं. नवऱ्यामागे त्याचं लेथ मशीन त्याच्यापेक्षा बरं चालवणारी बाई. तिची माप घ्यायची पद्धतही तिचीच. गिऱ्हाइकाला फळीवर उभं करायचं, आखूड पायाखाली प्लायवूडचे तुकडे सरकवायचे आणि गवंड्याची पाणसळ मागून कमरेच्या पट्ट्यावर धरायची. बुडबुडा मधोमध आला की माप ठरलं.

पहिल्या रविवारी बुडबुडा तुकडा न सरकवताच मधोमध आला. ''साहेब, पाय तर सारखंच हायती तुमचं,'' नंदाबाई म्हणाल्या. रणपिसे सवयीने चकतीचे बूट घालून गेले होते. ''काढा ते बूट,'' बाई म्हणाल्या. तेव्हापासून बूट दाराशी. दुसऱ्या रविवारी माप अर्धा इंच आलं, तिसऱ्या रविवारी एक. पाच वर्षं लपवून लपवून त्यांचा उजवा गुडघा आपोआप जरासा वाकायला शिकला होता, कधी कमी, कधी जास्त. दरवेळी नवा तुकडा, आणि दरवेळी घाटापलीकडून परत येताना तोच ठणका.

चौथ्या रविवारी माझ्या दाराची बेल वाजली. सोनालीबाई.

''काका, ती गल्ली तुम्हाला माहीत आहे म्हणे.''

''मला? छे, रावसाहेबांना.''

''ते गावाला गेलेत. चपला घाला.''

रिक्षात मी उकाड्याचा विषय काढून पाहिला. त्या बाहेर बघत होत्या. मीही मग बाहेर बघितलं.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती, डावा फूटरेस्ट काढलेला. रणपिसे पायमोज्यांवर फळीवर ताठ उभे आणि मागे नंदाबाई पाणसळ धरून.

''सोनाली, तू? इथे कशी?''

''रिक्षाने.''

नंदाबाईंना काही कल्पनाच नव्हती. ''ताई, बरं झालं आलात. ह्यांना जरा नीट उभं ऱ्हायला सांगा. दर येळेला माप बदलतंय. कधी अर्धा, कधी एक. माणसाचा पाय हाय का रबर?''

''पाऊण,'' सोनालीबाई म्हणाल्या.

''काय?'' रणपिसे म्हणाले.

''पाऊण इंच. घरातल्या पायजम्यांचा डावा पाय मी तेवढाच वर टाचते. नाहीतर लादीवर घासतो.''

शेडमध्ये लेथ तेवढं फिरत होतं. नंदाबाईंनी ते बंद केलं.

''तुला माहीत होतं?''

''एका घरात राहतो आपण.''

''मग गाडी कशी घेऊ दिलीस?''

''तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते. पायाचं मला काही नाही. पण जो माणूस दुखलेलं सांगत नाही, तो घाटात कुठे पडला तर तेही सांगायचा नाही. म्हणून विचारते, गाडी ठेवायची का विकायची, ते आज इथेच ठरवू.''

नंदाबाईंनी पाऊण इंचाचा तुकडा लावून डावा फूटरेस्ट वर घेतला, गिअरचा खटकाही तेवढाच वर सरकवला आणि बोल्ट आवळले. रणपिसेंनी जाड बूट चढवले. गल्ली म्हणजे नुसता राडारोडा आणि खड्डे.

''उभे राहून चालवा,'' सोनालीबाई म्हणाल्या.

ते गेले, आले, पुन्हा गेले. त्या त्यांच्या कमरेचा पट्टा बघत होत्या. चौथ्या फेरीलाही पट्टा सरळ होता. त्यांनी हात वर करून थांबवलं.

''गुडघा?''

''ठीक आहे.''

''अहो, खरं सांगा.''

रणपिसेंनी गुडघ्यावर हात ठेवला. ''दुखतोय. पण पहिल्यासारखा नाही. अर्धा तास उभं राहता येईल, त्यापुढे नाही.''

''हे असं सांगायचं,'' त्या म्हणाल्या. ''ठेवा गाडी. अर्ध्या तासाला थांबायचं.'' मग नंदाबाईंकडे वळून म्हणाल्या, ''आणि मागचे फूटरेस्ट खाली घेता येतात का हो? मागे बसलं की माझे गुडघे हनुवटीला लागतात.''

''घेऊ की. या, फळीवर बसा.''

दोघं त्याच गाडीवरून घरी गेली. मी रिक्षा शोधली.

रणपिसे नंदाबाईंकडे जात होते ते डावा फूटरेस्ट पाऊण इंच वर बसवून घ्यायला. त्यांचा डावा पाय तेवढा आखूड होता आणि ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.