स्पीकरवालीचा हात

रस्त्यावरच्या दुकानदारांना तिचं खरं नाव विचारलं तर चार जण चार नावं सांगतील. स्पीकरवाली म्हटलं की मात्र सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा, भिंतीला टांगलेले फाटके कागदी कोन, तांब्याच्या तारेची रिळं आणि या सगळ्याच्या मधोमध ती. हे काम तिला वडिलांनी शिकवलं आणि शिकवताना टपल्याही भरपूर मारल्या. स्पीकरमध्ये असतं तरी काय? मागे एक चुंबक, त्याच्या खाचेत बारीक तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला कोन. तारेतून वीज गेली की वेटोळंही तेवढ्यापुरतं चुंबक होतं. मागचं चुंबक त्याला कधी ओढतं, कधी ढकलतं, कोन थरथरतो आणि आवाज निघतो. "आमच्या संसारासारखंच आहे बघा," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "ओढाताण चालू आहे तोवर आवाज आहे." नवरा आजारी पडला आणि तिचा हा विनोद बंद झाला.

नवरा म्हणजे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन होतं आणि आख्खी गल्ली त्याच्याकडून कपडे शिवून घ्यायची. दोघांचं भांडण जगजाहीर होतं. तो म्हणायचा, हिला घरात पाऊल टाकलं की आधी रेडिओचा आवाज तपासायचा असतो, नवऱ्याचा नंतर. ती म्हणायची, नवऱ्याचा आवाज तपासायला घरी कशाला यायला हवं, तो गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. तरी तिच्या डाव्या मनगटावरचा पट्टा त्यानेच शिवून दिला होता. फुटक्या स्पीकरांतून काढलेली तीन छोटी, जबर ताकदीची चुंबकं जाड कापडाच्या दोन थरांत अशी बेमालूम शिवली होती, की कापडाखाली काही आहे असं कुणाला वाटू नये. काम करताना स्क्रू त्या पट्ट्याला चिकटून राहायचे, टेबलाखाली वाकून शोधावे लागायचे नाहीत. आंघोळीपुरता काय तो पट्टा सुटायचा.

मग एके दिवशी मास्तर मशीनवरच डोकं टेकवून बेशुद्ध पडला. त्याचं हृदय मधूनमधून ठोका द्यायलाच विसरत होतं. डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत एक छोटंसं यंत्र बसवलं. हृदय रेंगाळलं की ते विजेचा बारीकसा धक्का देऊन त्याला जागं करतं. ऑपरेशन तसं किरकोळ होतं, पण जन्मभर कापडात सुई खुपसणारा हा माणूस स्वतःच्या अंगाला सुई लागायची म्हटलं की लहान मूल होतो. टेबलावर तो हमसून हमसून रडला होता. घरी आल्यावर तिचा हात धरून म्हणाला, "अगं, काहीही होऊ दे, पण पुन्हा मला उघडायचं नाही. पुन्हा उघडायची वेळ आली तर मी तिथेच जाईन."

डॉक्टरांनी बजावलं होतं, ताकदीची चुंबकं यंत्राजवळ आणू नका. तिने ते असं मनावर घेतलं, की घराच्या नाकी नऊ आले. सगळे स्पीकर बाहेर गेले. कपाटाच्या दारांतली चुंबकं तिने उपटून काढली. मास्तरकडे सांडलेल्या टाचण्या गोळा करायला एक चुंबक होतं, ते तर पहिल्याच दिवशी गेलं, आणि तो बिचारा जमिनीवर रांगत टाचण्या वेचू लागला. दुकानाची पायरी चढायची नाही, अशी त्याला ताकीद मिळाली. "मला तुरुंगात टाक एकदाचं," तो म्हणाला. "टाकलाच आहे," ती म्हणाली.

एवढं सगळं करूनही त्रास सुरू झालाच. दिवसभर माणूस ठणठणीत असायचा आणि संध्याकाळी छातीत धडधड व्हायची. ती घरी यायची, चपला काढायची, पिशवी खाली टाकायची आणि पाणीही न पिता आधी त्याच्या छातीवर हात ठेवायची. उजव्या हाताला दिवसभराचा डिंक आणि काळं लागलेलं असायचं, म्हणून डावा. "कसं वाटतंय?" हाताखाली त्याचं काळीज नुसतं धावत सुटलेलं असायचं. कपाळावर घाम यायचा, चेहरा पांढरा पडायचा, आणि तरी तो म्हणायचा, "ठीक आहे." तिच्या तोंडचं पाणी पळायचं. ती धावत जाऊन पाणी आणायची, तो दोन घोट प्यायचा आणि शांत व्हायचा. मग खात्री करायला ती पुन्हा हात ठेवायची, आणि पुन्हा तेच. जितका त्रास वाढला तितका तिचा हात तिथे जास्त वेळ राहू लागला.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्र तपासून घ्या, कदाचित तार हलली असेल, तसं असेल तर पुन्हा उघडावं लागेल. हे तिने मास्तरपासून लपवलं. त्याला न सांगताच कळलं, पण कळलं हे त्यानेही लपवलं. त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा चांगला चालणारा स्पीकर तिने खोलून ठेवला आणि जोडायचं विसरली. दुकानात कुणी नाही असं बघून ती रडून घेत असे. आपल्या माणसाची छाती पुन्हा फाडणार, आणि आपणच त्याला हाताला धरून तिथे नेणार, हा विचार तिला जेवू देत नव्हता.

तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. तिने मास्तरच्या छातीवर चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या. पडद्यावर त्याच्या ठोक्यांची रेघ संथपणे धावू लागली. मुलीने बराच वेळ बटणं दाबली.

"काकू, यंत्र उत्तम आहे. तारही जागेवर आहे. पण याच्या नोंदीत दिसतंय, रोज संध्याकाळी याच्याजवळ चुंबक येतं. घरात काही आहे का?"

स्पीकरवालीला हे वर्मी लागलं. "माझ्या घरात? अगं, टाचणी उचलायलासुद्धा चुंबक ठेवलं नाही मी! विचार यांना."

मास्तरने एवढंच विचारलं, "उघडावं लागणार का?"

"नाही हो," म्हणत स्पीकरवालीने नेहमीसारखा त्याच्या छातीवर हात ठेवला.

पडद्यावरची रेघ बदलली. ठोके एकदम जवळजवळ, घाईघाईने, सगळे एका मापाचे पडू लागले.

"काकू, हात काढा."

तिने हात काढला. रेघ पुन्हा संथ झाली. मुलीने तिचं मनगट आपल्याकडे वळवून पाहिलं. पट्ट्याच्या कडेला शिंप्याची एक टाचणी चिकटलेली होती. मुलीने ती अलगद ओढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जवळ चुंबक आलं की हे यंत्र हृदयाचं ऐकणं सोडून देतं आणि आपल्याच ठरलेल्या गतीने ठोके द्यायला लागतं. ते दूर गेलं की पुन्हा मूळपदावर येतं. काळजी करू नका, काहीही उघडायचं नाही."

मास्तर हसला, मग रडला, मग त्या मुलीला फुकटात ड्रेस शिवून देतो म्हणाला. स्पीकरवालीला मात्र ना हसू आलं, ना रडू. तिने पट्ट्याचं बटण काढलं.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. पट्टा पिशवीत गेला होता. थोड्या वेळाने तिचा नेहमीचा सूर परत आला. "अहो, चुंबकाचं माझ्या डोक्यात आलं नाही, मी मूर्ख. पण तुमच्या छातीत होत होतं ना? मी हात ठेवल्यावरच होतंय, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं," मास्तर म्हणाला.

"काय?"

"दोन-तीनदा झालं तेव्हाच कळलं. का होतंय ते नाही कळलं, पण तुझा हात लागला की व्हायचं, एवढं कळलं होतं."

"आणि गप्प बसलात? जीव जायची वेळ आली तरी?"

मास्तर शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. "सांगितलं असतं तर तू हात ठेवायचं बंद केलं असतंस," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत तू घरी आल्याआल्या आधी माझ्याकडे आलीस, ती हे यंत्र बसल्यावरच."

मास्तर तसाच तिच्याकडे थोडा वळून बसला, छाती तिच्या बाजूला करून. तो कशाची वाट बघतोय ते तिला कळत होतं. तिने तोच डावा हात उचलला, पण तो अर्ध्यावरच थांबला.

"आता काही होत नाही गं," तो म्हणाला. "ती मुलगी म्हणाली ना."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तो हात तिने मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.