पांढरे केस जळत नाहीत

डॉक्टर मॅडमनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून खिडकीकडे वळवली, अंगठ्याने गालाची कातडी ताणली आणि विचारलं, "वय काय म्हणालात?"

"अडतीस."

"चार-पाच वर्षं आधी यायला हवं होतं." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "काळे केस जातील. लेझर काळा रंग पकडतो आणि केस मुळाशी जाळतो. पांढऱ्या केसात त्याला पकडायला काही नसतंच. तुमच्या हनुवटीवर आत्ताच बरेच पांढरे आहेत. ते राहणार. आधीच सांगितलेलं बरं, नाही का?"

मी मान हलवली. खरं तर "काळे केस जातील" एवढंच माझ्या कानात शिरलं होतं. आमच्या घरातले पुरुष लवकर पिकतात. बाबांची दाढी पस्तिशीतच मिठासारखी झाली होती. त्यांच्याकडून मला काय काय आलं याची यादी मी कधी केली नव्हती. ती डॉक्टरांनी त्या दिवशी खिडकीच्या उजेडात केली.

दवाखाना विरार पश्चिमेला, औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर लग्न ठरलेल्या मुली आयांना घेऊन बसलेल्या असत. एकदा एक दाट दाढीवाला तरुण शेजारी बसला होता. त्याला दाढी हवी होती, फक्त गालावरची कड सरळ करून हवी होती. "लाइन शार्प पाहिजे," तो काउंटरवरच्या मुलीला सांगत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याला जे नको होतं तेच मलाही नको होतं. माझं नको असणं जरा मोठं होतं, इतकंच.

मी मूळची अर्नाळ्याची. बाबा होते तोवर आमची होडी होती, ते गेल्यावर दादाने ती विकली. आय चाळीस वर्षं विरारच्या बाजारात मच्छी विकत आली. मी घर सोडलं त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सोडलं म्हणजे एका दुपारी मी टिकली लावून, पंजाबी ड्रेस घालून तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आय, मी अशीच आहे." ती जाळं उकलत बसली होती. हातातली गाठ सोडवून संपवली. मग म्हणाली, "तुज्या तोंडावर बापाची दाढी हाय, आनि कपाळाला टिकली? लोक हसतील. ती दाढी जाईल ना, तवा ये."

ती रागात बोलली होती. पण माणूस आशेला लागला की शिवीतही अट शोधतो. मी ते वाक्य अट म्हणून सांभाळून ठेवलं. दाढी गेली की जायचं.

मनवेलपाड्यात मला एक खोली मिळाली, रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करण्याचं काम मिळालं. कोविडनंतर लॅबमधल्या सगळ्यांनी मास्क काढले, मी काढला नाही. कुणी विचारलंही नाही. मुंबईच्या एका डॉक्टरांकडून माझ्या हार्मोनच्या गोळ्या सुरू होत्या. त्यांनी अंगाची कातडी मऊ झाली, छाती भरली, पण दाढीला गोळ्या ऐकू येत नाहीत. सकाळी घोटून दाढी करायची, गालावर नारिंगी लिपस्टिक चोळायची, म्हणजे खालची हिरवट छटा मरते, मग त्यावर फाउंडेशन, मग पावडर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुंट वर येत. मी डबा भिंतीकडे तोंड करून खायचे.

पहिल्या बैठकीला मशीनवरची मुलगी फार चांगली होती. पंचविशीची असेल. "ताई, गॉगल लावते हां. थंड लागेल, मग चटका बसेल. एकदम डरायचं नाही." गार जेल फासून तिने मशीनचं टोक वरच्या ओठावर टेकवलं. पापण्या मिटलेल्या, वर काळा चष्मा, तरी आत लाल उजेड फुटला. गरम तेलाचा थेंब उडावा तसा एक चटका, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. खोलीत वास पसरला. कोंबडी साफ केल्यावर तिची लव चुलीवर जाळतात ना, अगदी तोच. डोळ्यांतून पाणी वाहत कानात गेलं.

"दुखतंय का ताई? थांबवू?"

"नको. चालू दे."

मला खरोखर बरं वाटत होतं. माझ्या तोंडावरचं काहीतरी जळत होतं आणि त्याचा वास मला येत होता.

दहाबारा दिवसांनी गालावर मिऱ्याच्या कुटासारखे काळे ठिपके वर आले आणि टॉवेलने पुसता पुसता गळून पडले. खाली कातडी होती. नुसती कातडी. मी लॅबच्या बाथरूममध्ये दिवसातून चारदा मास्क खाली करून गालाला हात लावून बघायचे. महिन्याभरात केस परत आले, पण विरळ. दुसऱ्या बैठकीनंतर आणखी विरळ. दोन बैठकींच्या मध्ये केस उपटायचे नाहीत, थ्रेडिंग करायचं नाही, उन्हात जायचं नाही. उन्हासाठी मी स्कूटरवाल्या मुली बांधतात तसा स्कार्फ तोंडाला बांधायला लागले. डोळे तेवढे उघडे. पहिल्यांदा तो बांधून रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला आले, तेव्हा पाय आपोआप मच्छीबाजाराकडे वळले.

आय तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. मी सहा वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. ती वाळली होती, अंबाडा सुपारीएवढा झाला होता. समोर मांदेली, बोंबील, थोडी कोळंबी. तिने वर पाहिलं.

"काय देऊ ताई?"

मी मांदेलीकडे बोट दाखवलं. तिने वाटा पिशवीत भरला, वर मूठभर आणखी टाकली. मी पैसे दिले. आवाज ओळखेल म्हणून एक शब्द बोलले नाही.

मग मी दर बुधवारी जायला लागले, कधी रविवारीही. ती "काय देऊ ताई" म्हणायची, मी बोट दाखवायचे. एकदा म्हणाली, "आज बोंबील नको घेऊस, बर्फातला हाय." दुसऱ्या एका बाईला तिने तोच बोंबील विकला. घरी येऊन मी ती मासळी साफ करायचे, एकटीने खायचे, आणि दिवस मोजायचे. पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर चेहरा उघडा करून जायचं असं मी ठरवलं होतं. पण तिसऱ्या बैठकीनंतर केस गळले तेव्हा आरशातला चेहरा इतका स्वच्छ दिसला की धीर निघाला नाही. हनुवटीवर पांढरे दहावीस होते, ते मी सकाळी खरडून काढले.

बुधवार होता. दुपारी बाजार रिकामा झालेला, शेजारच्या बायका टोपल्या आवरत होत्या. आय माझ्यासाठीच हलवा माशाचं पोट साफ करत होती. मी मानेमागची स्कार्फची गाठ सोडायला हात नेला.

"बांदलेलं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिने वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

माझे हात तसेच मानेमागे राहिले.

"आय," मी म्हणाले. "दाढी गेली."

"आवाज खाली." तिने मासा पाण्यात बुडवला. "पयल्या दिसापासून म्हाईत हाय मला. मांदेलीवर बोट दावलंस तवाच. मी जन्माला घातलेलं बोट मला नाय कळनार?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गिऱ्हाईक म्हनून येतेस, ये. मी ताजी मच्छी देते तुला, देते की नाय? पन तोंड उघडलंस तर ह्या बायका विचारतील, ही कोन? मी काय सांगू?"

येतेस, म्हणाली ती. येतोस नाही. मी त्या एका अक्षराला धरून उभी राहिले.

"सांग ना काहीतरी. तूच म्हणाली होतीस, दाढी गेली की ये."

आयने सुरी पाटावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला तो ओळखीचा होता. "ते मी रागात बोलले गं. दाढीचं काय नव्हतंच. दाढी काय, आज हाय, उद्या नाय. मी सगल्यांना सांगितलंय, धाकटा बोटीवर गेला, परदेशात. सहा वर्सं सांगते. आता लोकांना पटलंय, तो काय येनार नाय. आता तू त्याचं तोंड घेऊन आलीस तर मी खोटी पडेन. दादाच्या पोरीचं लगीन ठरतंय."

तिने मासा पिशवीत भरला, पिशवीला गाठ मारली आणि मला दिली. पैसे घेतले. उरलेले परत दिले. शेजारची बाई टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "चल गं, बस सुटंल." आय उठली, गुडघ्यावर हात ठेवून. मला म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बुधवारी येशील ना ताई? पापलेट आनते."

पुढच्या बैठकीला मी मशीनवाल्या मुलीला म्हणाले, "पॉवर वाढव."

"ताई, तुमची स्किन डार्क आहे. मॅडमनी लिहून दिलंय तेवढंच—"

"मला सहन होतंय. मी कधी ओरडले का? वाढव."

तिने वाढवली, थोडी. नंतर माझ्यामुळे तिला ओरडा बसला, याचं वाईट वाटतं. जबड्याच्या उजव्या बाजूला भाजल्याचे तीन फोड आले, रुपयाएवढे. ते बसले आणि मागे काळे डाग राहिले. मॅडम फार चिडल्या. "घाई कशाची आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. घाई तर आता कसलीच नव्हती. भाजलेली कातडी शांत होईपर्यंत लेझर बंद, म्हणाल्या. मलम दिलं.

ते तीन-साडेतीन महिने चाललं. तेवढ्यात दाढी आपल्या वेगाने आली. आता ती दाट नव्हती. गालावर काळे केस मोजके होते, मानेवर थोडे. पण हनुवटी, ओठांचे कोपरे, जबड्याची कड, सगळीकडे पांढरे. नवीन पांढरे. जणू इतकी वर्षं काळ्यांच्या आड लपून बसले होते आणि काळे गेल्यावर बाहेर आले होते. लांबून दिसत नाहीत. उन्हात मात्र चमकतात, आणि हाताला लागतात.

परत गेले तेव्हा मॅडमनी पुन्हा मला खिडकीपाशी नेलं.

"आता लेझरचा फारसा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "राहिलेत ते बहुतेक पांढरेच. सुईने एकेक केस मुळात जाळायची पद्धत असते. एकेक. मुंबईला जावं लागेल, आणि वेळ लागेल. वर्षं लागतील. करायचं का ते तुम्ही ठरवा."

"आणि नाही केलं तर?"

"तर रोज शेव्ह करा. कित्येक बायका करतात, माहितीये? सांगत नाहीत, एवढंच."

त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या, हे कळत होतं. मी हसले. खाली उतरताना काउंटरवरच्या मुलीने पुढची तारीख विचारली. मी म्हणाले, फोन करते. अजून केलेला नाही. मुंबईच्या सुईवाल्या बाईंचा नंबर मोबाइलमध्ये आहे, तोही लावलेला नाही. कशासाठी लावायचा, हे एकदा स्वतःला सांगता आलं असतं तर लावला असता. माझ्यासाठी, असं म्हणायला हवं, ते मला माहीत आहे. ते म्हणून बघते. आरशासमोर म्हणून बघते. वाक्य बरोबर असतं, पण त्यात जोर येत नाही.

बाजारात मात्र मी जात राहिले, स्कार्फ बांधून. आय ताजं काय ते सांगायची. आम्ही दोघी आपापलं काम नीट करत होतो. ती विकत होती, मी विकत घेत होते. एकदा तिने माझ्या हातात सुटे पैसे ठेवताना बोटं क्षणभर तशीच ठेवली. मासळीचे खवले तिच्या बोटांवर सुकून चिकटले होते.

गेल्या महिन्यात एका बुधवारी गेले तर तिच्या जागी वहिनी बसली होती, दादाची बायको. तिने मला पाहिलं. काहीही ओळख नाही. आम्ही एका घरात पंधरा वर्षं राहिलो होतो, एका चुलीवरचं जेवलो होतो.

"काय पायजे?"

"त्या आजी बसायच्या इथे..." मी आवाज बारीक करून विचारलं.

"सासू माझी. पडली मोरीत. कमरेचं हाड गेलं."

"बऱ्या आहेत ना?"

"हायेत. खाटेवर. आता काय बसनार नाय ती बाजारात." वहिनीने माशा हाकलल्या. "तुमी नेहमीच्या काय? बोंबील घ्या, ताजा हाय."

कुठल्या दवाखान्यात दाखवलं, ऑपरेशन केलं का, दुखतंय का तिला, रात्री पाणी कोण देतं. विचारायचं खूप होतं. पण गिऱ्हाईक याहून जास्त विचारत नाही. वहिनी हातात पिशवी धरून थांबली होती. बोंबलांच्या डोळ्यांवर बर्फाचं धुकं होतं. मी अर्धा डझन घेतले.