तिसऱ्या दिवसाचा शालोम

मुर्दख पाथरवटानं आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, कुणाला शिवी दिली नाही, आणि समोरच्या शाबोचा नऊ वर्षं द्वेष केला तोही अगदी नियमात राहून केला. त्याला त्या नियमाचा मोठा अभिमान होता. अशा अभिमानाचं पुढं काय होतं ते जेरुसलेमच्या आमच्या कुर्दी वस्तीनं एका सणाच्या दुपारी पाहिलं.

वस्ती बाजाराच्या मागं होती. कुर्दिस्तानातल्या झाखो आणि अमादियाकडून आलेली यहुदी माणसं, बहुतेक हमाल नाहीतर दगडाचं काम करणारी. मुर्दखचं आणि शाबोचं बिऱ्हाड एकाच अंगणात, समोरासमोर. अंगणात फरसबंदी, आणि फरसबंदीखाली पावसाचं पाणी साठवायचं कमानीचं टाकं. त्याचं तोंड मुर्दखच्या कोपऱ्यात होतं, पण टाक्याचं पोट पसरलं होतं शाबोच्या दारापर्यंत. मुर्दख बोटाच्या पेरानं दगड वाजवायचा आणि आत चीर आहे की नाही ते सांगायचा. त्याचा शब्द चुकला असं कुणाला आठवत नव्हतं.

वैर सुरू झालं मुर्दखच्या मुलीवरून. नाझेचं लग्न ठरलं होतं. वरपक्षाकडच्या म्हाताऱ्यानं शाबोला विचारलं, शेजारी आहात, पोर कशी आहे? शाबो म्हणाला, गुणी आहे, लहानपणी दोनदा चक्कर येऊन पडली होती तेवढंच. झालं, लग्न मोडलं. पुढं नाझेला तिबेरियातल्या एका विधुराला द्यावं लागलं. तो तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा होता. निरोप देताना ती रडलीसुद्धा नाही, आणि तेच मुर्दखच्या काळजात रुतून बसलं.

खरं तर त्याच दिवशी अंगण ओलांडून शाबोची गचांडी धरायला हवी होती. धर्मशास्त्र तेच सांगतं. भावाचा मनात द्वेष करू नकोस, आणि लगेच पुढं, त्याला तोंडावर बोल. पण मुर्दख पडला अबोल. त्यानं हाखाम योनांच्या प्रवचनातून आपल्या सोयीचं तेवढं उचललं. हाखाम म्हणजे आमचे धर्मगुरू. त्यांनी सांगितलं होतं की वैरी कुणाला म्हणायचं, तर जो मनात अढी धरून तीन दिवस बोलत नाही त्याला. मुर्दखनं हिशेब लावला. तिसऱ्या दिवशी बोललं की आपण वैरी नाही!

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात उभा राहायचा, शाबोच्या दाराच्या चौकटीकडं बघत "शालोम" एवढा आमचा नमस्काराचा शब्द म्हणायचा आणि कामाला जायचा. ना हसू, ना वाकडा शब्द. आजारी असला तर भिंतीला धरून यायचा.

शाबो मात्र बडबड्या. तो आतून ओरडायचा, "या, या! तिसरा दिवस उजाडला वाटतं. बायको, दिनदर्शिका फेकून दे गं, आपल्याकडं मुर्दख आहे!"

मुर्दखची बायको अस्नत म्हणायची, "नाझेच्या बाबा, एकदाचं भांडून घ्या. घरात कुजल्यासारखा वास येतो."

"मी नियमानं वागतो," मुर्दख म्हणायचा.

त्या वर्षी योम किप्पूरच्या उपासाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. मुर्दखनंही अंगणात शाबोची मागितली, शाबोनं दिली, दोघांच्याही तोंडात ते शब्द कोरड्या भाकरीसारखे फिरले. मुर्दखनं तोच त्या खेपेचा तिसऱ्या दिवसाचा शब्द धरला. उपास संपला आणि दुसऱ्या सकाळी शाबोनं सणाचा मांडव घालायला घेतला. आमच्यात सात दिवस फांद्यांच्या छपराखाली जेवायचं, झोपायचं. दरवर्षी तो मांडव भिंतीलगत घालायचा. यंदा जावई, मुली, नातवंडं सगळी यायची होती, म्हणून त्यानं तो अंगणाच्या मधोमध घेतला आणि फरसबंदीच्या फटीत लोखंडी मेखा ठोकायला लागला.

मुर्दख दारात बूट बांधत होता. तिसऱ्या घावाला त्याचे हात थांबले. दगडाचा आवाज बदलला होता. भरीव दगड हाक मारल्यासारखा वाजतो. हा कुणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसा वाजला. भूकंपाच्या साली कमानीला केसाएवढी चीर गेली होती हे त्याला माहीत होतं. आता मेख बरोबर त्या चिरेच्या माथ्यावर बसत होती.

त्यानं तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की शब्द परवाच खर्च झालाय. उद्या तिसरा दिवस. उद्या सांगू, एका दिवसानं काय होतंय, असं स्वतःशी म्हणून तो कामावर गेला. मला विचाराल तर हा माणूस त्या क्षणी हरला.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात उभा राहिला तेव्हा सांगायचं अगदी जिभेवर होतं. शाबो शिडीवर चढून फांद्या पसरत होता. वरूनच ओरडला, "आलं का आमचं घड्याळ? टोल दे रे, टोल दे!" जावई खो खो हसले. मुर्दखचं डोकं भणाणलं. "शालोम," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या पुढच्या दिवशी अस्नतनं टाक्यात बादली सोडली. पावसाळा दूर होता, तळाशी ढोपरभर चिखलपाणी. बादलीत चुन्याचा पोपडा आला. सणाच्या आदल्या दिवशी तळहाताएवढा आला. "हे काय येतंय पाण्यात?" तिनं विचारलं. "जुना गिलावा आहे," मुर्दख म्हणाला आणि तो तुकडा खिडकीच्या फळीवर ठेवला. मग दिवसभर तो त्या फळीकडं पाठ करून बसला. मनात म्हणत होता, कमान पन्नास वर्षं उभी आहे, सात दिवस काय उभी राहणार नाही? माझाच कान म्हातारा झाला असेल. पण आपला कान म्हातारा झालेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी शाबोची पाच नातवंडं मांडवात गोधड्या घेऊन गेली, आणि मुर्दखला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सणाची सकाळ. त्यानं स्वतः बादली सोडली. ती पाण्यात बुडाली नाही, कशावर तरी आपटली. त्यानं वाकून पाहिलं. चिखलात दगड पडला होता, कमानीला तोलून धरणारा पाचरीचा दगड. वर अंगणात शाबोच्या घरच्या बायका-मुलींनी जड मेज मांडलं होतं आणि माणसं प्रार्थनेहून परतत होती. तो काही वेळ टाक्याच्या कठड्याला धरून तसाच उभा राहिला.

मांडवात पंधरा माणसं बसली. हाखाम योना अग्रभागी, मेजावर कुब्ब्यांचा, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा, रस्सा वाफाळतोय. मुर्दख मांडवाच्या दारात आला. तोंड पांढरंफटक.

"शाबो, बाहेर काढ सगळ्यांना," तो म्हणाला. "खाली पोकळ झालंय. कमान पडते आहे."

शाबो टाळी वाजवून हसला. "ऐकलंत का, हाखाम? नऊ वर्षं एक शब्द, आणि आज सणाच्या ताटावर अख्खं प्रवचन! अरे, माझा मांडव बघवत नाही होय तुला?"

"शाबो, मी दगड पाहिला."

"तू दगडच पाहतोस! माणसं कधी पाहिलीस?"

हाखाम योनांनी हात वर केला. म्हातारे होते, पण आवाजाला धार होती. "मुर्दख, सणाचा भरला मांडव उठवायला सांगतोयस. वैऱ्याची साक्ष आपल्यात चालत नाही. खरं सांग, तू याचा वैरी आहेस का?"

"नाही!" मुर्दख ओरडला. "तिसरा दिवस मी एकदाही चुकवला नाही. विचारा त्याला!"

"लेकरा," हाखाम म्हणाले, "ज्याच्या मनात काही नसतं तो दिवस मोजत नाही."

मुर्दखनं चौकटीचा बांबू घट्ट धरला. मेजाखाली सगळ्यात धाकटं नातवंड पाय हलवत टाच फरशीवर आपटत होतं. टक, टक. प्रत्येक टकेबरोबर तो पोकळ आवाज त्याच्या दातांत जात होता.

"आहे," तो म्हणाला. "वैरी आहे. शाबो, मी तुझा द्वेष करतो. तू माझ्या नाझेचं लग्न मोडलंस. नऊ वर्षं मी झोपताना तुझं वाईट चिंततो. आता ऐकलंस? आता पोरांना उचल. देवाच्या नावानं उचल!"

शाबोचा चेहरा उतरला. "नाझे? मला वाटलं, माझ्या पन्हळीचं पाणी तुझ्या भिंतीवर पडतं म्हणून..." त्यानं मुर्दखकडं पाहिलं. मुर्दखच्या गालांवरून पाणी वाहत होतं. असं तोंड करून कुणी खोटं बोलत नाही. शाबोनं दोन पोरं काखेत मारली. "उठा! सगळे उठा! ताटं राहू देत!"

हाखामांना दोघांनी उचललं. शेवटची मुलगी चौकटीबाहेर पाय टाकते न टाकते तोच फरशी मधून खचली. मेज कलंडलं, रश्श्याचं भांडं, फांद्या, मेखा, सगळं त्या काळ्या भोकात गेलं. पाण्याचा आवाज ऐकूच आला नाही, नुसता दगडावर दगड. धूळ बराच वेळ वर येत राहिली.

मग एकच आकांत झाला. बायका मुर्दखच्या हाताचे मुके घ्यायला लागल्या. शाबोनं त्याला मिठी मारली, तो हुंदके देत होता. "भावा, भावा," एवढंच म्हणत होता. अस्नत उंबऱ्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती. इतकं हलकं मुर्दखला नाझेच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं.

शाबो मागं सरला, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं अगदी सहज विचारलं, "तुला कळलं कधी रे?"

"आत्ता सकाळी" असं म्हणता आलं असतं. टाक्यातला दगड होताच की साक्षीला. पण मुर्दखनं अर्ध्या घटकेपूर्वीच मन मोकळं केलं होतं. ते पुन्हा बंद करायची त्याला भीती वाटली.

"तू पहिली मेख ठोकलीस तेव्हा," तो म्हणाला.

शाबोनं बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. मग त्यानं गोधड्या गेल्या त्या भोकाकडं पाहिलं. रात्री त्याच गोधड्यांवर पाच पोरं झोपली होती. हाखाम योनांनी मान खाली घातली. मुके घेणाऱ्या बायका एकेक करून बाजूला झाल्या. बडबड्या शाबोला गप्प राहिलेलं वस्तीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो पोरांना घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस अंगणात कुणी कुणाशी बोललं नाही. मुर्दख भोकाभोवती दोरी बांधून बसून राहिला. एकदा तो शाबोच्या दाराशी जाऊन हाक मारून आला. आतून उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरचं दार उघडलं. शाबो बाहेर आला. मुर्दख धडपडत उठला, त्याचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले.

शाबोनं मुर्दखच्या दाराच्या चौकटीकडं पाहिलं. "शालोम," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.