भगत सरांचा शेवटचा अर्ज

आमच्या जिल्हा कचेरीत आले की भगत सर आधी स्वतःचं पेन काढत, मग अर्ज. आवकचा शिक्का माझ्या टेबलावर असायचा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि माझी सही पडली की ती प्रत घडी न घालता पिशवीत ठेवत. "पोच नाही त अर्जच नाही," हे त्यांचं घाटंजीच्या शाळेतलं वाक्य. तिथे ते आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचे. गावचा नळ असो की पोराची रजा, सरांचं उत्तर एकच, लिहून दे. आम्ही त्यांना मागून अर्जसर म्हणायचो. त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

निवृत्तीनंतर ते दर सोमवारी एसटीनं यवतमाळला येऊ लागले ते नातीसाठी. मुलगी सुजाता नवऱ्याबरोबर परदेशात होती. इकडे आईचं दुखणं वाढलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं होतं, नवऱ्याची नियत ठीक दिसत नाही, लेकीला, मैत्रीला, घेऊनच निघू का? मैत्री तेव्हा चार वर्षांची. सरांनी सांगितलं, बापाच्या लेखी संमतीशिवाय लेकरू देशाबाहेर आणणं तिथे गुन्हा आहे. संमती मिळाली नाही. सुजाता एकटी आली. आई गेली, आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं सुजाताचा तिथे राहण्याचा परवाना रद्द करवला. तो त्याच्याच नोकरीवर मिळालेला होता. पोरीशी फोनवर बोलणंही त्यानं तोडलं.

पळवलेल्या मुलांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार सरांनी शब्दकोश घेऊन वहीत मराठीत उतरवला. भारताची त्यावर सही नाही. असती तरी मैत्रीला कुणी पळवलंच नव्हतं, ती स्वतःच्या घरात होती.

"दूर केलं ते आईले," सर म्हणाले. "अन् आईले परत न्यायचं कलम यात नाही, दिलीप. लढाईतल्या कैद्याले घरी चिठ्ठी लिवता येते, शत्रूच्या कैदेतूनबी. तसा करार हाय, मीच तुमाले शिकवला. अन् माह्या नातीले आईचा फोन घेता येत नाही."

मी उगीच फायली सारत बसलो. रडू येत होतं.

पुढे एका वकिलानं सहज सांगून टाकलं की तेव्हा पोरीला इथे आणलं असतं, तर त्या कराराच्या जोरावर तिला इथून नेता आलं नसतं. त्यानंतरचे दोन सोमवार सर आलेच नाहीत. तिसऱ्या सोमवारी आले तेव्हा अर्ज सुजाताच्या नावे होता. विषय, चुकीचा सल्ला दिल्याबद्दल माफी मिळणेबाबत. घरच्या अर्जावर सरकारी शिक्का कसा मारू, म्हणून मी तो परत केला. सरांचा अर्ज मी परत केला तो तेवढाच.

"बरं, पोच तिच्याकडूनच घेतो," म्हणाले.

त्या उन्हाळ्यात सर गेले. पुढच्या सोमवारी त्यांची पिशवी घेऊन सुजाता आली. तिनं काढलेल्या कागदांत त्या माफीच्या अर्जाची प्रत होती. खाली तिच्या अक्षरात एकच शब्द, मिळाला. मी मागची बाजूही पाहिली. कोरी होती.

"माफ केलं असं लिवलं असतं, दिलीपभाऊ, त बाबा अर्ज करायचे थांबले असते," ती म्हणाली. "मले मैत्री पाह्यजे होती. म्हणून नाही लिवलं."

मग डोळे पुसून तिनं स्वतःचा अर्ज पुढे केला आणि पोच मागितली.